कनेक्स, कीसेली की साधं एसक्यूएल: नोड आणि पोस्टग्रेससाठी काय निवडावं?

नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं वातावरण) पोस्टग्रेस डेटाबेसवर नवा प्रोजेक्ट सुरू करताना तीन पर्याय समोर येतात: 'पीजी' ड्रायव्हरला (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) थेट एसक्यूएल देणं, कनेक्स हा जुना, मुरलेला क्वेरी बिल्डर (कोडमधल्या फंक्शनांवरून एसक्यूएल बनवणारी लायब्ररी), किंवा टाइपस्क्रिप्टसाठीच बनवलेला कीसेली. ओआरएमचा (टेबलांना कोडमधली ऑब्जेक्ट मानणाऱ्या लायब्रऱ्यांचा) विषय इथे नाही. ठरवण्याआधी आपल्या क्वेऱ्यांची यादी काढा आणि त्यातल्या किती क्वेऱ्यांचा आकार युजरने काय निवडलं त्यानुसार बदलतो ते मोजा. आमच्या मते निवडीचं मुख्य माप हेच.

'आयडीवरून ऑर्डर आणा' या क्वेरीत फक्त व्हॅल्यू बदलते, आकार नाही. तिथे व्हॅल्यूच्या जागी $१ लिहून ॲरेत व्हॅल्यू वेगळी दिली की काम संपलं, बिल्डरची गरजच नाही. मोठ्या रिपोर्टांचंही तसंच. विंडो फंक्शन (आसपासच्या ओळींवरून हिशोब), सीटीई ('विथ'ने नाव दिलेली उपक्वेरी) असलेली क्वेरी कनेक्समध्ये लिहायला गेलं की अर्धी 'रॉ'मध्येच, म्हणजे हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्येच जाते. साध्या एसक्यूएलमध्ये ठेवली तर तीच उचलून एक्स्प्लेन ॲनालाइझला (क्वेरी कशी चालते आणि किती वेळ घेते ते दाखवणारी कमांड) लावता येते.

खरी कसोटी लागते ती सर्च स्क्रीनवर. तारीख, स्थिती, शहर, रक्कम, सॉर्टिंग आणि यातलं काहीही रिकामं असू शकतं. स्ट्रिंग जोडत गेलात तर $१, $२ यांचे नंबर स्वतः सांभाळावे लागतात. व्हॅल्यूंची संख्या चुकली तर पोस्टग्रेस लगेच एरर देतं, ते बरंच. पण एकाच टाइपच्या दोन व्हॅल्यूंची अदलाबदल झाली तर एरर येत नाही, चुकीच्या ओळी येतात. स्थित्यांची यादी रिकामी निघाली तर 'इन ()' ही पोस्टग्रेसमध्ये सिंटॅक्स एरर आहे. कनेक्स अशा वेळी अट '१ = ०' करून देतो. साध्या एसक्यूएलमध्ये '= एनी($१)' लिहून पूर्ण ॲरे एकाच पॅरामीटरमध्ये पाठवा, तो रिकामा असला तरी चालतो. 'यादीत नसलेलं सगळं डिलीट करा' इथे मात्र जपा: कनेक्सच्या 'नॉट इन'ची यादी किंवा '<> ऑल($१)'चा ॲरे रिकामा असेल तर अट कायम खरी ठरून सगळं टेबल साफ होऊ शकतं. डिलीटच्या आधी लांबी तपासाच.

बिल्डर घेतला म्हणजे अटींचे कंस आपोआप पडत नाहीत. कनेक्समध्ये ग्राहकाचा व्हेअर, मग स्थितीचा व्हेअर, मग दुसऱ्या स्थितीचा ऑरव्हेअर असं सरळ साखळीत लावलं तर एसक्यूएल बनतं 'ग्राहक अँड स्थिती ऑर दुसरी स्थिती'. अँड आधी बांधला जातो, म्हणून दुसऱ्या स्थितीतल्या सगळ्याच ग्राहकांच्या ऑर्डर एका ग्राहकाला दिसतात. दोन्ही स्थित्या व्हेअरमध्ये फंक्शन देऊन त्याच्या आत लिहा, म्हणजे कंस पडतो.

कनेक्स आणि कीसेली यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक जाहिरातीत दिसत नाही. कनेक्सचा बिल्डर जागेवरच बदलतो. एकाच मूळ क्वेरीवरून एकूण संख्या आणि पानावरच्या ओळी दोन्ही काढायच्या तर आधी तिचा क्लोन (प्रत) करा, नाहीतर एकीच्या अटी दुसरीत शिरतात. कीसेलीत उलट: दर वेळी नवा बिल्डर परत येतो. 'क्यू = क्यू.व्हेअर(…)' असं परत साठवलं नाही तर तो फिल्टर गायब होतो आणि टाइपस्क्रिप्ट गप्प बसतं. कनेक्सवरून कीसेलीकडे जाणाऱ्या टीमने रिव्ह्यूमध्ये पहिल्यांदा हेच शोधावं.

कनेक्समध्ये ट्रान्झॅक्शनच्या (सगळ्या एकत्र यशस्वी किंवा एकत्र रद्द होणाऱ्या क्वेऱ्यांचा गट) आत ट्रान्झॅक्शनचंच ऑब्जेक्ट वापरा. चुकून मूळ कनेक्स वापरला तर ती क्वेरी दुसऱ्या कनेक्शनवर, ट्रान्झॅक्शनच्या बाहेर चालते. रोलबॅक झाला तरी ती मागे फिरत नाही. कनेक्सच्या कनेक्शन पूलची (तयार ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) डिफॉल्ट कमाल मर्यादा १० आहे. दहा रिक्वेस्ट एकेक कनेक्शन धरून दुसरं मागत बसल्या की सगळं अडतं आणि डिफॉल्ट ६० सेकंदांनी टाइमआउट येतो.

कीसेलीची खरी किंमत टाइप्समध्ये आहे. कॉलमचं नाव चुकलं तर कोड बिल्डच होत नाही. पण ते टाइप डेटाबेसशी जुळले पाहिजेत, म्हणून हाताने लिहू नका. डेटाबेसवरून टाइप बनवणारं कीसेली-कोडजेन वापरा आणि प्रत्येक मायग्रेशननंतर (टेबलांच्या रचनेतला बदल) पुन्हा चालवा. पीजी ड्रायव्हर बिगइंट आणि न्यूमेरिक या आकड्यांच्या कॉलमांच्या व्हॅल्यू स्ट्रिंग म्हणून देतो. टाइपमध्ये 'नंबर' लिहून ठेवलं तर '१००' आणि '२०' यांची बेरीज '१००२०' होते.

मोठा इन्सर्ट असेल तर पोस्टग्रेसची एका क्वेरीत ६५,५३५ पॅरामीटरची मर्यादा लक्षात ठेवा. १२ कॉलम असतील तर एका वेळी जास्तीत जास्त ५,४६१ ओळी. कनेक्सचा बॅचइन्सर्ट डिफॉल्टने हजार-हजारांचे तुकडे पाडतो, कीसेलीत ते स्वतः पाडा. साध्या एसक्यूएलमध्ये 'अननेस्ट' (ॲरेच्या ओळी करणारं फंक्शन) वापरून प्रत्येक कॉलमचा एक ॲरे दिलात तर ओळी कितीही असोत, पॅरामीटर १२च.

सुरक्षेबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो. बिल्डर व्हॅल्यू बाइंड करतो (एसक्यूएलपासून वेगळी पाठवतो), पण यूआरएलमधून आलेलं सॉर्टचं कॉलम बाइंड होऊच शकत नाही. तिन्ही पर्यायांत परवानगी असलेल्या कॉलमांची यादी ठेवून तिच्याशीच ताडून बघा. कनेक्सच्या 'रॉ'मध्ये व्हॅल्यूसाठी '?' आणि कॉलमसाठी '??' वापरा. तिथे टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये व्हॅल्यू घुसवली की इंजेक्शनला (बाहेरच्याने आपलं एसक्यूएल घुसवण्याला) दार उघडं.

आमचा कौल असा: टाइपस्क्रिप्ट आणि फिल्टरवाल्या बऱ्याच स्क्रीन असतील तर कीसेली. जावास्क्रिप्टच राहणार असेल आणि मायग्रेशनही त्याच लायब्ररीत हवी असेल तर कनेक्स. बहुतेक क्वेऱ्या ठरलेल्या असतील तर साधं एसक्यूएल, आणि एखाददुसऱ्या सर्च स्क्रीनपुरतं छोटं हेल्पर फंक्शन. 'उद्या डेटाबेस बदलता येईल' या कारणासाठी मात्र बिल्डर घेऊ नका. पोस्टग्रेसचं 'रिटर्निंग' (इन्सर्ट किंवा अपडेट झालेल्या ओळी लगेच परत देणं) मायएसक्यूएलमध्ये नाही, आणि असे फरक कोणताही बिल्डर पूर्ण झाकू शकत नाही.

तरीही ठरत नसेल तर आपली सर्वांत गुंतागुंतीची सर्च स्क्रीन दोन्ही बिल्डरमध्ये लिहा. कनेक्समध्ये 'टूएसक्यूएल', कीसेलीत 'कंपाइल' वापरून बनलेलं एसक्यूएल छापा आणि कंस कुठे पडलेत ते वाचा.