नागपूरजवळच्या वाडीचा चाकवाला: चार स्टार, एक खुर्चीपायी कापला

बसायला खुर्ची नाही आणि पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात, म्हणून एक स्टार कापते आहे. कामासाठी नाही. काम पाहून तर मीच खजील झाले.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एका शाळेने काढून टाकलेली मोठी बस घेतली, तिचं फिरतं घर करतोय. (आतलं काही बदलायच्या आधी आरटीओची परवानगी लागते, ते पुराण वेगळं.) वीस वर्षं ज्या बसमध्ये पोरांची डोकी मोजली, तसल्याच बसमध्ये आता ओटा बसवून राहिलो.

माझा भाचा अमेरिकेत हाच उद्योग करतो. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मावशी, चाकाचे नट बदल, खाली फिरती चकती असलेले घे." मी 40 नट ऑनलाइन मागवले. आटे बरोबर बसले, मी खूश. गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडून लावूनही घेतले. आठ दिवसांत मागच्या डाव्या जोडचाकातून टक् टक् आवाज, आणि नटांखालून गंजाचे लाल ओघळ.

वाडीच्या मिस्त्रींनी लांबूनच ते ओघळ पाहिले. "ताई, चाक रडून राहिलं तुमचं. नट कोनं सांगतले?" भाच्याचं नाव सांगताना लाज वाटली.

मग जे त्यांनी दाखवलं, ते वर्गात शिकवावं इतकं सुरेख. जॅक लावला, चाकाच्या मधलं मोठं भोक आणि हब (चाक ज्यावर चढवतात तो मधला गोल भाग) यांच्या फटीत हॅकसॉचं पातं घातलं. ते आरामात फिरलं. म्हणजे हब या चाकाला धरतच नाही. "तुमच्या भाच्याची गाडी हबवर बसते, तुमची नटावर बसते." भाच्याच्या बसला म्हणतात हब पायलट: चाक हबच्या खांद्यांवर टेकतं, मध्यावर तिथेच येतं, नट फक्त दाबून धरतो. म्हणून भोकं सरळ आणि नट सपाट. आमच्या चाकाची भोकं वाटीसारखी खोलगट. तिथे गोल तोंडाचा नट वाटीत उतरतो आणि तोच चाकाला मध्यावर आणतो.

माझा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी वाटीला आतून ओला गेरू फासला. माझा नवा नट कसला, काढला: तळाला केसाएवढी एक लाल रेघ. जुना नट कसला, काढला: गोल तोंडावर बोटभर रुंद लाल पट्टा. एवढ्याशा रेघेच्या भरवशावर मी उड्डाणपुलावरून बस नेली होती!

एका चाकाच्या डिस्कची, म्हणजे नटांची भोकं असलेल्या लोखंडी तबकडीची, दोन भोकं घासून लांबट झाली होती. मी विचारलं, वेल्डिंग भरून चालेल का? "भरून देनारे भेटतील तुमाले, मी नाई देत." डिस्क बाजूला टाकली ती टाकलीच.

दुसरी चूक आमच्या रंगाऱ्याची. पिवळा घालवून निळा मारताना त्याने चाकं वाटीसकट, मागेपुढे जाड रंगवली. टेकणाऱ्या जागी रंगाचा थर असला की तो हळूहळू दबतो आणि कसलेला नट सैल पडतो. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने तारेच्या ब्रशने तासभर घासून लोखंड उघडं केलं. मी उभीच. खुर्चीचा राग तिथला.

संध्याकाळी भाच्याला झापलं. तो हसत म्हणाला, तिकडच्या जुन्या बसना पण गोल तोंडाचे नट असतात. जोडचाकात आतल्याला वेगळा, बाहेरच्याला वेगळा, आणि डाव्या बाजूला आटे उलटे. आतला कसायचा तर आधी बाहेरचा सैल करावा लागतो. तिसरा प्रकार त्याने स्वतः नाकारला होता: ओतीव आऱ्यांचा हब, त्यावर रिम पाचरींनी आवळायची, जरा वाकडी आवळली की चाक डुलतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? त्याच्या बसचा 450 ते 500 फूट-पाउंडाचा टॉर्कसुद्धा (नट किती जोराने कसायचा ते माप) मी वहीत उतरवून ठेवला होता. मिस्त्रींनी आमच्याच गाडीचं पुस्तक मागवलं, समोरासमोरचे नट धरत टॉर्क पान्याने कसले, आणि प्रत्येकावर खडूची रेघ ओढली.

"रामटेकले जाऊन या, मग दाखवा." जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात. परत आलो तर तीन नट थोडे सरकले, बाकीचे जागचे हलले नाहीत. या खेपेचे पैसे घेतले नाहीत.

अकराच्या आत जा. नंतर पूर्ण आवारात ऊन येतं, आणि स्टूल घरूनच न्या.