पायाला रक्त कमी पोचत असेल तर वावरात काय घालावं: स्लिपर, एमसीआर, बूट की गमबूट?

वावरात जाताना पायात काय घालायचं, हा प्रश्न आमच्या घरी बाबांच्या उजव्या पायाची दोन बोटं गेल्यावर आला. तो आधी यायला हवा होता. निमित्त अगदी साधं होतं. रबरी स्लिपरच्या पट्ट्यानं अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात सोललं. कुणीतरी बिब्बा लावायला सांगितलं, आम्ही लावला. कातडी भाजली, जखम भरेना आणि दोन आठवड्यांत बोट काळं पडलं. नंतर कळलं की पायाच्या रक्तवाहिन्या आधीपासूनच अरुंद झालेल्या होत्या. चाललं की पोटरी वळते, पाच मिनिटं धुऱ्यावर बसलं की बरं वाटते, असं बाबा वर्षभर सांगत होते. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

म्हणून पादत्राणांची तुलना करण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. पाय बधिर आहे, की त्याला रक्त कमी पोचतं, की दोन्ही? बधिर पायाला टोचलेलं कळत नाही. रक्त कमी असलेल्या पायाला टोचलेलं कळतं, पण भरून येत नाही. साखरेच्या रुग्णाला अनेकदा दोन्ही असतं, आणि मग कधी पोटरीही दुखत नाही, कारण दुखणं सांगणारी नसच मंदावलेली असते. डॉक्टरांना पायाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी बोटांनी तपासायला सांगा. त्यानंतर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र, लावून घोट्याजवळचा रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबानं भागतात. आकडा ०.९० किंवा त्याखाली आला तर रक्तवाहिनी अरुंद आहे. १.४० च्या वर आला तर खूश होऊ नका. साखर किंवा मूत्रपिंडाच्या आजारात वाहिनीची भिंत कडक होते आणि आकडा खोटा फुगतो, मग अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. आकडा फार कमी असेल, रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप लागत नसेल किंवा जखम उघडी असेल, तर चपलेचं नंतर बघा, आधी शल्यचिकित्सकाकडे जा.

आता पादत्राणं.

अनवाणी चालण्यावर फार लिहीत नाही, कारण उत्तर एकच आहे. शेगावची पायी वारी असो, नवरात्राचा नेम असो की मंदिराचं आवार, अशा पायानं अनवाणी चालू नये. मे महिन्यात आमच्याकडची जमीन दुपारी तव्यासारखी तापते. पाऊल बधिर असेल तर पोळल्याचं संध्याकाळी फोड आल्यावर कळतं. देवळात सुती मोजे घालून जाता येतं. गजानन महाराजांवर श्रद्धा असलेल्या माझ्या मायला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

रबरी स्लिपर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक. तिचे दोष दोन. पहिला, बेचक्यातला पट्टा, ज्यानं आमच्या घरी सुरुवात झाली. दुसरा, तळ. बाभळीचा काटा त्यातून आरपार जातो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापल्यावर उरलेली धसकटं आणि नंतर तुरीचे, पऱ्हाटीचे खुंट याहून वाईट. सोयाबीनचं धसकट ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाही, रबराच्या पातळ तळाचं काय घेऊन बसलात. शिवाय मागं पट्टा नसल्यानं चप्पल पायात टिकवायला बोटं आखडून चालावं लागतं आणि बोटांच्या टोकांवर दाब येतो. टायरच्या तळाची चप्पल काट्याला नक्की अडवते, तो तिचा खरा गुण. पण ती ताठ असते, तळव्याला उशी देत नाही, आणि बेचक्यातला पट्टा तिलाही असतोच.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक छिद्रांच्या फुगीर रबराचा मऊ तळ. बधिर पायासाठी तो जुना, कसून वापरलेला उपाय आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं, पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमटेंचं आनंदवन उभं राहिलं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या लोकांना ही चप्पल डोळ्यानं ओळखीची आहे. आणि इथंच अडचण होते. बाबा पहिल्यांदा ती पाहून म्हणाले, "हे कायले आनलं? लोक का म्हनतीन मले?" ही लाज समजून घ्यावी, त्यावर रागवू नये. आता साध्या सँडलसारख्या दिसणाऱ्या, रुंद पट्ट्यांच्या, मागं पट्टा असलेल्या एमसीआर मिळतात. आमच्या मोच्यानं तर बाबांच्याच जुन्या सँडलमध्ये एमसीआरचा थर बसवून दिला आणि टोचणारी टाचणी काढून टाकली. एक लक्षात ठेवा, आत खिळा ठोकलेला नको, चिकटवलेलं आणि शिवलेलं हवं. घर, अंगण, बाजार, दवाखाना यासाठी मी हीच पहिल्या क्रमांकावर ठेवते. वावरासाठी नाही, कारण बोटं उघडी राहतात आणि बाजूनं खुंट लागतो.

वावरासाठी पुढं रुंद, जाड तळाचा नाडीचा बूट, कॅनव्हासचा नको आणि जाळीचाही नको. आत एमसीआरचा सुटा तळ. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि खरं माप कळतं. सर्वात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तास, मग पाय उघडून बघा. कुठं लाल झालं असेल आणि तो लालपणा लवकर जात नसेल तर तिथं बूट चावतो आहे, तो परत करा. दिवसभर घालून "सैल होईल" म्हणणारा दुकानदार तुमचा पाय बघत नाही. घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि हात आत फिरवा. विंचवासाठी आपण झटकतोच, पण बधिर पायाला आतला खडा विंचवाइतकाच महाग पडतो.

गमबूट चिखलाच्या दिवसांत आणि फवारणीला हवा. मात्र तो रबराचा डबाच आहे. आत घाम साचतो, बेचक्यात चिखल्या होतात, आणि चिखल्यांच्या भेगेतून जंतू आत शिरतो. म्हणून तास-दीड तास, आत कोरडा सुती मोजा, निघाल्यावर पाय धुवून बेचके पुसून कोरडे. मोजा पांढरा किंवा फिकट घ्या, त्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. वरची इलॅस्टिक आवळणारी नको. पायावर सूज आहे म्हणून मेडिकलमधून दाबाचे घट्ट मोजे स्वतःहून घेऊ नका. रक्त आधीच कमी आहे, तिथं बाहेरून दाब देऊन उरलेलंही अडतं.

पाय गार पडतो म्हणून शेकोटीजवळ पाय पसरणं, गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट हेही बंद. गरम कपडा आणि ढिला मोजा पुरेसा आहे. भेगांना बिब्बा, मोहाचं कढत तेल, ब्लेडनं भोवरी कापणं, यातलं काहीही नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीन चालतं, पण बेचक्यात नाही. खाटेच्या काठावर टाच घासते, तिथं गोधडीची घडी ठेवा.

खुद्द रक्तपुरवठा सुधारायला पादत्राण काही करत नाही. त्याला चालणं लागतं, आणि जखम नसेल तरच. सपाट रस्त्यावर पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं शमलं की पुन्हा निघायचं. असं करत एका वेळी तीस-पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यात किमान तीन दिवस, सलग बारा आठवडे. वावराच्या सरीतून नाही, डांबरी रस्त्याच्या कडेनं, याच बुटात. बाबा पहिल्या आठवड्यात मारुतीच्या पारापर्यंत दोनदा थांबत होते. तिसऱ्या महिन्यात थांबावं लागलं नाही. गोळ्या डॉक्टर देतील, त्या बंद करू नका. आणि विडी, खर्रा दोन्ही सोडावं लागतं. विडी धुरानं वाहिनी आवळते, खर्र्यातला तंबाखूही निकोटीन देतोच. तरुण वयात बोटं काळी पडणारा बर्जर आजार तर तंबाखूशीच जोडलेला आहे.

पायाच्या वाहिनीच्या अँजिओप्लास्टीचा किंवा बायपासचा विषय निघाला तर नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, किंवा सेवाग्रामचं रुग्णालय असा रस्ता बहुतेक गावांतून निघतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. पाय एकाएकी पांढरा, थंड, बधिर आणि असह्य दुखरा झाला, तर मात्र तपासणी, योजना, सकाळ कशाचीही वाट पाहू नका. त्याच तासाला गाडी काढा. तेव्हा पाय वाचवण्याला मोजकेच तास असतात.

पैसे एकाच जोडाचे असतील तर पुढं रुंद आणि बंद असलेला नाडीचा बूट घ्या, आत एमसीआरचा तळ मोच्याकडून टाकून घ्या. दुसरा जोड जमला की घरासाठी मागं पट्ट्याची सँडल. आमच्या ओसरीवर आता हे दोनच जोड आहेत. बाबांची रबरी स्लिपर मी स्वतः चुलीत घातली.