तुळस आणि शतावरीसाठी इन्फ्रारेड ड्रायर: आठ महिन्यांनंतर

आमच्याकडे चोपडा तालुक्यात उन्हाची कधी वाण नसते, पण तुळस कापणीला येते ती ऐन पावसाळ्यात. झड लागली की घरात पसरलेली पानं दोन दिवसांत काळी पडायची. म्हणून जूनमध्ये इन्फ्रारेड दिवे आणि गरम हवा दोन्ही असलेला दहा ट्रेचा ड्रायर घेतला.

पहिली खेप वाया गेली. पडद्यावर ४२ अंश दिसत होते, मी निर्धास्त झोपलो. सकाळी दिव्यांजवळची पानं तपकिरी, वास गेलेला. तो आकडा हवेचा असतो, पानाचा नाही! इन्फ्रारेड थेट पानाला तापवतं. पान ओलं असेपर्यंत उडणारं पाणी त्याला थंड ठेवतं. ओल सरली की ते करपतं आणि वासाचं तेलही उडून जातं. आता तुळशीला दिवे सुरुवातीची वीस मिनिटंच, पुढे ४० अंशांची नुसती हवा. ट्रे दर तासाला वरखाली करतो. श्रावणातली खेप मायने चुरगळून हुंगली. म्हणाली, "वास तसाच शे."

खरा फायदा शतावरीत झाला. उन्हात मुळी वरून कडक व्हायची, आत ओल राहायची आणि पोत्यात बुरशी धरायची. आता साल आणि मधला दोरा काढून मुळ्या उभ्या चिरतो, ५५ अंशांवर ठेवतो. मध्ये तासभर यंत्र बंद करून मुळ्या झाकून ठेवतो, म्हणजे आतली ओल वर येते. रात्री भरलेली मुळी दुसऱ्या दुपारी कडकन मोडते. तो आवाज ऐकल्याशिवाय मी पोतं भरत नाही.

विजेचं सांगतो. दहा किलो ओल्या पानांची सव्वादोन किलो सुकी तुळस होते, म्हणजे पावणेआठ किलो पाणी उडवायचं. नुसत्या त्या पाण्यालाच पाचेक युनिट लागतात. माझी बारापर्यंत जातात. अर्धे ट्रे रिकामे ठेवले तरी बिल फारसं उतरत नाही.

कंपनीवर माझा राग आहे. माहितीपुस्तिकेत पानांना आणि मुळ्यांना एकच तापमान दिलंय. दाराचं रबर चौथ्या महिन्यात कडक झालं, माणूस आला तीन आठवड्यांनी. तोवर फटीतून गरम हवा वाया गेली. मध्यरात्री वीज गेली तर उठून ट्रे बाहेर काढावेच लागतात, नाहीतर कोंडलेल्या वाफेत पानं काळी पडतात.

चैत्र-वैशाखात शतावरी धाब्यावरच, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात वाळत घालणार, तेव्हा हे यंत्र लावणं म्हणजे पैसा जाळणं. पण तुळस एकरभर असेल आणि पावसाळ्यात कापावी लागत असेल, तर घ्या. दोन-चार वाफ्यांसाठी नको.