गरम-थंड जेल पॅक: वस्तू चांगली, खोक्यावरचा दावा चुकीचा

गुडघ्याला गुंडाळायचा, वेल्क्रोचा पट्टा असलेला हा निळा जेल पॅक आमच्याकडे दोघी वापरतो. माझ्या उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे आणि ताईला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. दोघींचेही सांधे सुजतात, पण एकीच्या सुजेचा दुसरीच्या सुजेशी फारसा संबंध नाही. खोक्यावर मात्र ‘सर्व प्रकारच्या सांधेसुजेवर उपचार’ असं ठळक छापलंय. माझी मुख्य तक्रार त्या ओळीबद्दल आहे, पॅकबद्दल नाही.

आधी चांगलं सांगते. फ्रीझरमधून काढल्यावर जेल दगडासारखं होत नाही, मऊ राहतं, त्यामुळे वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत ते नीट बसतं. बर्फाच्या पिशवीने हे जमत नाही, ती सारखी घसरते. जास्त चालणं झालं की माझ्या गुडघ्यात पाणी होतं. फिजिओथेरपिस्टने मला ते बघायला शिकवलंय: पाय सरळ ठेवून वाटीच्या आतल्या बाजूचा खळगा तळहाताने वर निपटायचा, मग बाहेरच्या बाजूने हलकेच खाली दाबायचं. आत पाणी असेल तर रिकामा झालेला खळगा डोळ्यांदेखत पुन्हा फुगतो. पाय उशीवर उंच ठेवून थंड शेक घेतला की ठणका कमी होतो आणि गुडघा वाकवणं सोपं जातं. पाणी लगेच जात नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. सांध्याच्या आतलं अस्तर चिडलं की जास्त पाणी सोडतं, ते शांत व्हायला वेळ लागतो. माझ्या गुडघ्याला खरा आधार मिळाला तो मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या व्यायामाने. पॅकमुळे तो व्यायाम करणं सुसह्य होतं, आणि एवढं काम तो चोख करतो.

एक काळजी मात्र घ्याच. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो, पण घरगुती फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो आणि जेलही तितकंच गार होऊन बाहेर येतं. थेट कातडीवर ठेवलं तर थंडीनेही कातडी भाजते. सोबतचं कव्हर पातळ आहे, म्हणून मी खाली सुती कापडाची घडी घालते आणि १५ ते २० मिनिटांत पॅक काढते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, किंवा गारव्याने बोटं पांढरी-निळी पडत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. ही सूचना खोक्यावर असायला हवी होती.

आता ताईचं. तिची सूज बोटांच्या मुळांशी आणि मनगटात येते, दोन्ही हातांत, आणि दाबली तर मऊ लागते. सकाळी तासभर तरी तिची मूठ वळत नाही. माझा गुडघाही सकाळी आखडतो, पण चार पावलं टाकली की मोकळा होतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते आणि ती सूज वेळेत आवरली नाही तर कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाडं कुरतडली जातात. तिथे शेक पुरत नाही. ताईची सूज उतरली ती मेथोट्रेक्सेटने, म्हणजे ही उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाने. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. गरम पॅकने तिचे आखडलेले हात सकाळी सैल होतात, पण सांधा लाल आणि तापलेला असेल तेव्हा ती गरम शेक घेत नाही.

खोक्यावरची ती ओळ वाचून कुणी नुसता शेकत बसला तर उशीर होईल, ही माझी खरी काळजी आहे. रात्रीत पायाचा अंगठा सुजून चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल तर तो गाउट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून येणारी सूज असू शकते, आणि ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल आलं तरी गाउट नाही असं म्हणता येत नाही. पडल्यावर किंवा गुडघा मुरगळल्यावर दोन-तीन तासांतच तो टम्म फुगला तर आत रक्त साचलेलं असू शकतं, लिगामेंटही (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) तुटलेलं असू शकतं. आणि एकच सांधा अचानक सुजला, लाल-गरम झाला, हलवता येईना, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर थोड्या दिवसांत सांधा कायमचा खराब होतो. अशा वेळी डॉक्टर सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासतात. त्या सुईला घाबरून मागे हटू नका, निदान त्या पाण्यातूनच होतं.

बाकी किरकोळ. वेल्क्रोत धागे अडकून पकड ढिली होते, जुन्या ब्रशने साफ करावी लागते. मायक्रोवेव्हमध्ये जेल एका जागी जास्त तापतं, म्हणून आम्ही पॅक गरम पाण्यात बुडवून ठेवतो. शिवण अजून पक्की आहे. गुडघ्यासाठी जरूर घ्या, पाचपैकी चार गुण. बोटांसाठी हा आकार फार मोठा पडतो. लहान पॅक आला तर ताईसाठी लगेच घेईन.