घरचा मैद्याचा क्ले: फेब्रुवारी ते दिवाळी, वापरून काय कळलं

आमच्याकडे बाजारातल्या क्लेच्या डब्या येणं आता बंद झालंय. फेब्रुवारीपासून मैदा-मिठाचा क्ले घरीच करतोय. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी या तिन्हींतून तो गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. थोरली पाच वर्षांची, धाकटा साडेतीनचा. घर ठाण्यात, खाडीच्या बाजूला, त्यामुळे दमटपणाला तोटा नाही. नागपूर-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत यातलं बरंच वेगळं होईल, हे धरूनच पुढचं वाचा.

प्रमाण असं: एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर. हे शेवटचं म्हणजे एक आंबट पांढरी पूड, केकच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि उगाच महाग पडते. त्याऐवजी एका मोठ्या लिंबाचा रस घातला तरी चालतं. आंबटपणामुळे गोळा मऊ राहतो आणि टिकतोही जास्त. सगळं गार पाण्यातच गुठळ्या मोडून कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, आपण भलतंच काहीतरी शिजवतोय असं वाटतं. मग तळाशी गुठळ्या धरायला लागतात आणि बघता बघता सगळं मिश्रण कडा सोडून मोदकाच्या उकडीसारखं एकत्र येतं. गॅस बंद करून कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने चांगलं मळायचं. मळायचं काम आमच्याकडे मुलांचं. त्यांना खरी मजा त्या कोमट गोळ्यातच येते, नंतरच्या खेळण्याइतकीच.

न शिजवता नुसतं कालवूनही करता येतं आणि बरेच जण तसंच सांगतात. ते सोपं आहे, गॅसजवळ जावं लागत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोळा चिकट होतो, बोटांना पीठ लागतं, वास येतो. शिजवण्यात अर्थ आहे तो असा, की साठएक अंश तापमानाच्या पुढे मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ते धरून ठेवतो. मग पाणी सुटं होऊन बाहेर येत नाही. शिजवलेला गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात आमच्याकडे उन्हाळ्यात महिनाभर आरामात चालला.

आता मुद्द्याचं. बाजारातला क्ले रंगाने देखणा असतो, पोतही अगदी एकसारखा, त्यात वाद नाही. पण तो घरात असताना आम्ही दोघं नवरा-बायको पहारेकरी झालो होतो. लाल हिरव्यात मिसळू नकोस, झाकण लाव, तो तुकडा सोफ्याखाली गेला तो आधी काढ. मुलं खेळायची कमी आणि आमच्याकडे बघायची जास्त. घरच्या एका गोळ्याला मैदा, मीठ, तेल धरून दहा-पंधरा रुपये पडतात. तो वाळला, तपकिरी झाला, गॅलरीतून खाली पडला, तरी तोंडातून शब्द निघत नाही. माझ्या मते याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. पोत, रंग, टिकाऊपणा यांत तो बाजारच्यापेक्षा थोडा कमीच आहे. पण तो आहे म्हणून घरात ओरडा कमी आहे.

जाता जाता, प्ले-डो हा बाजारातला नावाजलेला क्लेसुद्धा मुळात पीठ, मीठ आणि पाणीच. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कंपनीने 1930च्या दशकात तो वॉलपेपरवरची कोळशाची काजळी टिपायला काढला होता. पुढे घरं गॅसवर तापायला लागली, काजळी गेली आणि धंदा बसला. मालकांच्या नात्यातल्या एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांच्या हातात दिला आणि 1956 पासून तो खेळणं म्हणून विकायला लागला. तेव्हा आपण काही मोठं संशोधन करतोय असा आव आणायला नको.

रंगांच्या बाबतीत मी हट्टाने स्वयंपाकघरातलेच वापरले. हळद उत्तम. रंग पक्का, फक्त हातही पिवळे होतात. शिवाय हळदीच्या गोळ्यावर कपड्याच्या साबणाच्या पाण्याचं बोट टेकवलं की तिथे लालसर डाग उठतो आणि वर लिंबू पिळलं की तो परत पिवळा. कुंकू हळदीपासून चुना घालून करतात ते हळदीच्या याच गुणावर. थोरलीने हा खेळ इतका मनावर घेतला की घरात साबणाची वडी एका जागी सापडेना. बीटचा रस शिजवताना घातला तर गुलाबी उरत नाही, मातकट होतो. गॅस बंद केल्यावर मळताना घाला, तरी आठवड्याभरात फिकटेलच. पालक तर विसराच. लिंबामुळे पालकाचा हिरवा रंग मरतो आणि शेवाळलेल्या डबक्याची छटा येते (धाकट्याला ती आवडली, त्याने बेडूक केले).

निळ्याचा किस्सा जरा मोठा आहे. सोसायटीच्या कुंपणावर निळी गोकर्ण आहे. फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी गर्द निळं होतं. पण त्यात आंबट पडलं की ते जांभळं होतं, आणि आपल्या गोळ्यात लिंबू असतंच. म्हणजे निळा हवा असेल तर लिंबू वगळायचं आणि तो गोळा लवकर खराब होणार हे मान्य करायचं. आम्ही जांभळ्यावर समाधान मानलं. तयार खायचे रंग वापरले तर हा सगळा उपद्व्याप वाचतो आणि गोळेही झकपक दिसतात. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल तेच वापरावेत.

पावसाळ्यात मात्र या क्लेने परीक्षा पाहिली. मीठ हवेतली ओल ओढतं. हवेत आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, म्हणून तर मीठदाणीत तांदूळ टाकून ठेवतात. जुलैत आमच्याकडे हवा दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. गोळा डब्यातून काढून टेबलावर ठेवला की थोड्या वेळात घामेजतो, बोटांना चिकटतो. त्यावर उपाय एकच, खेळायला बसताना मुठीभर कोरडा मैदा जवळ ठेवायचा आणि मळून घ्यायचा. फ्रिजमध्ये ठेवून काही साधत नाही, बाहेर काढला की वर आणखी दव धरतं. मे महिन्यात नेमकं उलटं. तासभर उघडा राहिला तर भेगा पडतात, मग पाण्याचा हात लावून मळायचा. एकदा आतपर्यंत कडक झाला की तो सोडून द्या.

आईला हा प्रकार अजून पूर्ण पटलेला नाही. अन्नाशी खेळायचं नाही, हे तिचं म्हणणं, आणि त्याला माझ्याकडे खरं उत्तर नाही. पण तीच पोळ्या करताना दोघांना कणकेचा एकेक उंडा देते आणि ती दोघं त्याच्या चिमण्या पोळ्या, साप, लाडू करत ओट्यापाशी बसतात. ही कणीक त्या दिवसापुरती बेस्ट, आणि पोटात गेली तरी चिंता नाही. उद्यापर्यंत मात्र ती काळी पडते, आंबते. शेवटी तडजोड झाली. मुदत उलटून गेलेला किंवा पोरकिडे झालेला मैदा चाळून क्लेसाठी घ्यायचा, चांगला नाही. दुकानदार असा मैदा स्वस्तात देतो, हे त्यानंतर समजलं.

वाळवून वस्तू करायच्या तर उन्हाळाच खरा. पातळ वस्तू दोन-तीन दिवसांच्या उन्हात खडखडीत वाळतात, वर पोस्टर रंग बसतात. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आम्ही मावळे, दोन तोफा आणि एक फारच लठ्ठ हत्ती केला. दिसायला झकास. पण किल्ल्यावर हळीव पेरलं होतं, त्याला रोज पाणी मारायचं, आणि ओल्या मातीत मावळ्यांचे पाय विरघळले. हत्ती बसला. पुढच्या वर्षी तळाला मेणबत्तीचं मेण किंवा नखांचं जुनं पॉलिश लावून बघायचं ठरलंय. किल्ल्यावर कायम ठेवायचं असेल तर शाडूचे किंवा बाजारातले मातीचे मावळेच बरे. मुलांचं मत वेगळं आहे, त्यांना बसलेला हत्तीच जास्त आवडला.

आता सावधगिरी, आणि ही गंभीरपणे घ्या. यात मीठ प्रचंड आहे. एखादं बोट चाटून तोंड वाकडं करणारं मूल ठीक, पण जे अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालतं आणि गिळतं, त्याच्या हातात हा गोळा देऊ नका. लहान मुलांच्या पोटात इतकं मीठ जाणं घातक असतं. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर, कारण कुत्रे हा गोळा आवडीने गट्टम करतात आणि त्यांना तो जिवावर बेततो. बोरॅक्स (टाकणखार) घालून करतात तो लिबलिबीत स्लाइम वेगळा, तो आम्ही मुद्दाम घरात आणलेला नाही.

भांड्यांचं म्हणाल तर जुना नॉनस्टिक तवा किंवा पॅन वापरा. लोखंडी कढई गंजते, ॲल्युमिनियमवर मीठ आणि लिंबू दोन्ही चढतात. स्टीलच्या डब्यातही ओला गोळा आठवडेच्या आठवडे ठेवला तर ठिपके पडतात, त्यामुळे प्लास्टिकचा डबाच घ्या. सतरंजीत अडकलेला क्ले ओला असताना घासू नका. पूर्ण वाळू द्या आणि ब्रशने झाडा, भुगा होऊन निघतो. संपलेला गोळा बेसिनमध्ये धुऊन सोडला तर नळी तुंबते. कुंडीत किंवा कंपोस्टमध्येही नको, मिठाने झाडं जातात. सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायचा.