संधिवातासाठी योगसाहित्याचा संच : पैसे खुर्चीत घाला, बाकीचं घरात आहे

गुडघेदुखीच्या नावाने हल्ली योगसाहित्याचे जे संच विकले जातात, त्यांत बहुतेक त्याच वस्तू असतात: पाठ नसलेली घडीची लोखंडी खुर्ची, लोड, दोन विटा, पट्टा, चटई आणि डोळ्यांवर ठेवायची छोटी उशी. मूळ रीत पुण्याची. दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे यांचा टेकू देऊन आखडलेल्या शरीराकडूनही आसन करून घ्यायची पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी बसवली आणि १९७५ साली शिवाजीनगरात सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतून ती जगभर पोचली. संच विकणारे वस्तू देतात, रीत देत नाहीत. सोबत एक रंगीत तक्ता येतो, तो बाजूला ठेवला तरी चालेल. खोक्यावर ‘झीज भरून निघते’ असं लिहिलं असेल तर ते दुकानदाराचं काव्य समजावं. गेलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खुर्चीने परत येत नाही. स्नायू भरतात, आखडलेपणा कमी होतो, झोप सुधारू शकते, आणि एवढंही थोडं नाही.

संचातली मोलाची वस्तू म्हणजे खुर्ची. पाठीची पाटी काढलेल्या जागी रिव्हेटची भोकं उरतात. त्यांच्या कडांवरून बोट फिरवून बघा. बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्यांची कातडी पातळ झालेली असते, तिला ओरखडा लगेच पडतो. पायांची रबरी बुचं घट्ट हवीत. गुळगुळीत टाइल्सवर नुसती बुचं पुरत नाहीत, खाली चटई हवी आणि खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. प्लॅस्टिकची खुर्ची नको, तिचे पाय भाराखाली फाकतात.

बैठक साधारण १७-१८ इंच उंच असते. उंच माणसाला ती बुटकी पडते. गुडघे कमरेच्या वर आले की उठताना वाटीच्या मागे फार दाब येतो. म्हणून सोलापुरी चादरीच्या घड्या टाकून कंबर गुडघ्यांच्या दोनेक इंच वर आणायची आणि उठ-बस करायची, आठ-दहा वेळा. खाली येताना मनात तीन मोजायचे, धपकन बसायचं नाही. गुडघा आत वळत असेल तर दोन मांड्यांमध्ये वीट धरा. मांडीचा पुढचा स्नायू भरला की गुडघ्याला आधार मिळतो, म्हणूनच सगळ्या संचात या एका व्यायामाला आम्ही सर्वांत जास्त गुण देऊ.

गुडघा वाकवताना त्याच्या मागच्या खोबणीत नॅपकिनची इंचभर जाडीची घट्ट गुंडाळी घालायची जुनी युक्ती आहे. सांध्यात थोडी जागा झाल्यासारखी वाटते. मात्र गुडघ्यामागे फुगवटा असेल तर ती करू नये. पुढच्या बाजूला सुई टोचल्यासारखं दुखलं तर तिथेच थांबा.

खुर्चीचा दुसरा मोठा उपयोग शवासनासाठी. पाठीवर झोपून दोन्ही पोटऱ्या पूर्ण बैठकीवर ठेवायच्या आणि बैठकीची कड गुडघ्यामागे रुतू नये म्हणून तिथे चादर घालायची. बुटक्या माणसाचे कुल्ले यात अधांतरी राहतात आणि मग कंबर धरते; खाली घडी घातली की प्रश्न मिटतो. दहा मिनिटं पडून राहायचं, श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यायचा. दुखण्याच्या धास्तीने स्नायू आवळून राहतात, आवळल्याने अजून दुखतं आणि रात्र जागून काढली की सकाळी तेच दुखणं मोठं वाटतं. हे चक्र इथे जरा सैल होतं. ज्यांना खाली बसून उठता येत नाही त्यांनी पलंगावर, गुडघ्यांखाली लोड घेऊन हेच करावं.

लोड तयार विकत घ्यायची गरज नाही. गादीवाल्याकडून नऊ इंच व्यासाचा, दोन फूट लांबीचा करून घ्या, कापूस ठासून भरायला सांगा. सावरीचा कापूस मऊ असतो, पण लवकर दबतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लोड ओल धरतो, म्हणून खोळ काढता येणारी हवी. तो बोटांनी ओढू नका, दोन्ही हातांच्या कवेत उचला.

विटांचं माप ९ × ४.५ × ३ इंच. लाकडी वीट किलोच्या आसपास भरते. ती पक्की असते, पण बोटांचे सांधे सुजलेल्यांना एका हाताने पेलत नाही. त्यांनी फोमची घ्यावी आणि तिच्यावर उभं मात्र राहू नये. डोळ्यांवरच्या उशीला शून्य गुण: चार इंची क्रेप बँडेज सैल गुंडाळलं, नाक मोकळं ठेवलं, की काम झालं.

आता ज्याबद्दल तक्त्यावर अवाक्षर नसतं ते. आमवातात (सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, नुसती झीज नव्हे) मानेचे वरचे मणके ढिले होऊ शकतात. अशांनी मान मागे टाकणं आणि उलटी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून पुढे वाकणं टाळा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी ताण नको, सांधा हलक्या हाताने हलवा आणि विश्रांती घ्या. आमवाताच्या गोळ्या खुर्ची आली म्हणून बंद करायच्या नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम आणि ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) यांची ठाम शिफारस आहे, योगाची सशर्त. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांविरुद्ध मात्र तिथे ठाम मत आहे. किती करायचं याचं साधं माप असं: व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा.

पट्टा घेताना दातांचं बकल नको, दोन कड्यांचं घ्या. ताठरलेल्या बोटांनी ते सोडवता येतं. आणि खुर्ची ऑनलाइन मागवलीच, तर खोकं फाडून टाकायच्या आधी ती सपाट फरशीवर उघडून बैठकीच्या एकेका कोपऱ्यावर तळहाताने भार द्या. तिरक्या समोरच्या कोपऱ्याचा पाय उचलला गेला तर जोड वाकडा आहे. बुचाखाली पुठ्ठा घालून तो सुधारत नाही, त्याच दिवशी परत पाठवा.