हॅरोच्या फ्लॅटमध्ये फ्रीव्ह्यू: खिडकीवरचा चपटा अँटेना की छोटा दिशावाला?

भाच्याने विचारलंय, लंडनात भाड्याचं घर, छतावरच्या एरियलचा सॉकेट मेलेला, मग फ्रीव्ह्यू (ब्रिटनमधला अँटेनावरून येणारा फुकट टीव्ही) बघायला घरातला अँटेना कुठला घेऊ. आधी एक, बॉक्सवर "4के" आणि "120 मैल" लिहिलेलं असतं ते सोडून दे, अँटेनाला 4के वगैरे काही कळत नाही, एचडी चॅनेलही त्याच यूएचएफ पट्ट्यात (टीव्ही ज्या रेडिओलहरींवर येतो त्या पट्ट्यात) येतात.

किमतीला चपटा सहसा स्वस्त, काचेला चिकटवला की दिसत पण नाही. पण तो बहुतेक चारी बाजूंनी थोडं थोडं पकडतो, आणि नवीन डबल ग्लेझिंगवर धातूचा पातळ थर असतो तो सिग्नल खातो, अशा काचेवर लावून उपयोग शून्य.

दिशावाला, म्हणजे आडव्या काड्यांचा, तो एकाच बाजूचं नीट पकडतो. हॅरोहून क्रिस्टल पॅलेसचा टॉवर (लंडनचं मुख्य टीव्ही प्रक्षेपण तिथून होतं) आग्नेयेला साधारण 25 किमी, काड्या आडव्याच ठेवायच्या कारण तिथलं प्रक्षेपण आडवं आहे (छोट्या रिले टॉवरवरून, म्हणजे मोठ्याचा सिग्नल पुढे पाठवणाऱ्या टॉवरवरून, घेत असशील तर बहुधा उभ्या). जागा मात्र खातो, आणि पडद्यामागे ठेवला तर बायको बोलणारच.

अ‍ॅम्प्लिफायर? टॉवर जवळ असेल तर नकोच, जास्त सिग्नलने ट्यूनर गांगरतो आणि चित्राचे चौकोन होतात.

टॉवरच्या बाजूला साध्या काचेची खिडकी असेल तर चपटा घे, घर मागच्या बाजूला किंवा तळमजल्यावर असेल तर दिशावाला. अँटेनाची जागा बदललीस की रीट्यून कर, म्हणजे टीव्हीला चॅनेल पुन्हा शोधायला लाव. आणि टीव्ही लायसन्स (तिथे टीव्ही बघायला पैसे भरून घ्यायचा परवाना) दोन्हीला लागतंच हां.